प्रिंटरची वायर

नवरीच्या भुवयांपर्यंत फोटो आला आणि प्रिंटर थांबला.

सिकंदर पटवेगार चष्मा कपाळावर सारून वाकले. मुंडावळ्या छान उतरल्या होत्या, कुंकू उतरलं होतं, आता डोळे यायचे तेवढ्यात आतली घरघर बंद पडली. कागद अर्धा आत, अर्धा बाहेर. त्यांनी थोडी वाट बघितली, मग जिन्याकडं तोंड करून हाक दिली.

"नुजहत, ह्योबी गेला बघ."

त्यांची धाकटी मुलगी खाली आली. तिनं कागद ओढून काढला, उजेडात धरला आणि टेबलाखालच्या खोक्यात टाकला. त्या आठवड्यात त्या खोक्यात पडलेला तो चौथा.

घर शुक्रवार पेठेतलं, जुन्या बांधणीचं, खालच्या भिंती दीड हात जाडीच्या. नुजहत लग्नांचे, बारशांचे फोटो काढायची आणि वरच्या खोलीत लॅपटॉपवर त्यांचं काम करायची. इंटरनेटचा राउटरही वरच. प्रिंटर मात्र खाली, पुढच्या खोलीत. गिऱ्हाईक तिथं येतं, कापायचं टेबल तिथं, सिकंदरांचा कॉम्प्युटरही तिथंच. शिवाय आठ शायांचं ते धूड जिन्यानं वर नेणं कुणाच्यानं झालं नसतं. फोटो वरून खाली वाय-फायनं यायचा. आधारकार्डाच्या प्रती, शाळेचे दाखले बिनतक्रार यायचे. मोठा फोटो म्हटलं की, वरून पाठवा नाहीतर खालच्या कॉम्प्युटरवरून, भिंत आडवी यायची; एखादाच पुरा उतरायचा.

"वायर टाकू या," नुजहत म्हणाली.

"मी कवाधरनं सांगतोय," सिकंदर म्हणाले.

वायर टाकायची यावर बापलेकीचं असं चटकन एकमत झालं. कुठली टाकायची, इथं गाडं अडलं.

दुसऱ्या दिवशी सिकंदर राजारामपुरीत ऋतुराजच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. बिंदू चौकाजवळच्या बोळात चौतीस वर्षं त्यांचा फोटो स्टुडिओ होता; इमारत पाडायला निघाली तेव्हा त्यांनी तो बंद केला. स्टुडिओतला पहिला कॉम्प्युटर ऋतुराजच्या वडिलांनी बसवून दिला होता, त्यामुळं त्या दुकानातून त्यांना चहा न पिता बाहेर पडता येत नसे.

ऋतुराजनं काउंटरवर दोन वायरी ठेवल्या.

"काका, ही यूएसबी. प्रिंटरमधनं निघणार, सरळ तुमच्या कॉम्प्युटरात जाणार. मधे कोण न्हाय, काय झंझट न्हाय. पण चार-पाच मीटरच्या पुढं न्यायची न्हाय, आणि प्रिंटर मग त्या एकाच कॉम्प्युटरच्या हाताखाली. नुजहतला वरनं काढायचं झालं तर तुमचा कॉम्प्युटर चालू पाहिजे, न्हाय तर पेनड्राइव्ह घेऊन खाली यायला पाहिजे."

"आणि ही?"

"ही लॅनची. राउटरपासनं जिन्यानं, भिंतीनं, कुठनंबी खाली आणा. पन्नास मीटर आणा, काय होत न्हाय. खाली एक छोटा डबा बसवू, त्यातनं एक वायर प्रिंटरला, एक तुमच्या कॉम्प्युटरला. मग तुम्हीबी पाठवा, तीबी पाठवंल. कुणाला कुणाची वाट बघायला नको."

"फोटो कशात चांगला येतोय?"

"दोन्हीत एकच येतोय. रंग वायरीत ठरत न्हाय. पाठवणारा ठरवतोय."

सिकंदरांनी यूएसबी उचलली. फार विचार केला नाही, हाताला आली ती घेतली, असं त्यांनी नंतर बायकोला, फातिमाला सांगितलं. ते खरं नव्हतं. चहा संपेपर्यंत ते विचारच करत होते. लॅन टाकली की फोटो वरून निघणार आणि तडक प्रिंटरमधून बाहेर पडणार. मग आपण काय करायचं? कडा कापायच्या, पाकिटात घालायचं, गिऱ्हाइकाला द्यायचं. निम्म्या कोल्हापूरचे चेहरे आपल्या नजरेखालून गेले, आता घरातलाच फोटो आपल्याला न विचारता जाणार. यूएसबी असली म्हणजे प्रत्येक फोटो आपल्या पडद्यावर येऊन, आपल्याला तोंड दाखवूनच पुढं जाईल.

घरी नुजहतनं यूएसबीच्या पाकिटावरचं नाव वाचलं आणि ते टेबलावर ठेवून दिलं.

"अब्बा, मला माझ्या टेबलावरनं प्रिंट काढायचीय."

"तू पेनड्राइव्ह दे, मी काढून देतो की. आजवर दिल्या न्हाईत?"

"दिल्या. जयसिंगपूरच्या नवरीची दिली तशीच."

ती गोष्ट दोन महिन्यांपूर्वीची. जयसिंगपूरची एक मुलगी, रंगानं काळी, नाकीडोळी नीटस. तिच्या त्या रंगावर संध्याकाळचं ऊन नेमकं पडावं म्हणून नुजहत हळदीच्या दिवशी अर्धा तास थांबली होती. तो फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा होता. पेनड्राइव्ह सिकंदरांच्या कॉम्प्युटरला लागला आणि त्यांनी सवयीप्रमाणे उजेड वाढवून चेहरा जरा उठवला. चार दिवसांनी मुलीचा फोन आला. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, ह्या फोटोत दुसरीच कोणतरी बसलीया." नुजहतनं नवीन काढून पाठवला. घरात त्यावर बोलणं झालं नव्हतं. ते आज झालं.

"जरा उजळ केली, एवढंच. गिऱ्हाईक मागतंय ते," सिकंदर म्हणाले.

"तिनं मागितलं नव्हतं."

"तोंडानं कोण मागत न्हाय, नुजहत. समजून घ्यायचं असतंय. धंदाच हाय तो आपला."

"म्हणून तर मला मधे कॉम्प्युटर नकोय."

कॉम्प्युटर नकोय, म्हणजे कोण नकोय, हे दोघांनाही कळलं. स्वयंपाकघरातून फातिमाचा आवाज आला, "वायरीवरनं भांडताय का आणि कशावरनं, ते एकदा ठरवा. भाकरी गार व्हायला लागल्यात."

यूएसबीचं पाकीट न फोडता टेबलावर पडून राहिलं. नुजहतनं तिचे दोन मोठे फोटो बाहेरच्या लॅबमध्ये टाकले. घरात प्रिंटर असताना लेक पेनड्राइव्ह घेऊन उंबऱ्याबाहेर पडताना सिकंदरांनी बघितली आणि दिवसभर त्यांना जेवण गोड लागलं नाही.

बुधवारी दुपारी दारात एक बाई उभी राहिली. वय पन्नाशीच्या आसपास, नऊवारी नाही, साधं गोल पातळ, हातात कापडी पिशवी.

"फोटोवाले सिकंदरभाऊ हितंच राहत्यात का?"

"व्हय. या, बसा. पावणं कुठलं?"

"राधानगरीकडनं आले. आक्का माझं नाव. तुमच्या दुकानाच्या जागी नुसता खड्डा आणि सळ्या दिसल्या, मग चहाच्या गाड्यावर विचारलं."

फातिमानं पाणी दिलं. आक्कांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक फोटो काढला. काळापांढरा, पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा. राधानगरीच्या पावसानं भिंती ओल धरतात तशी त्यानंही धरली होती. कडेनं तांबूस डाग, वर बुरशीची नक्षी. मधे एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, साडीचा पदर दोन्ही खांद्यांवरून, मान किंचित डावीकडं. सिकंदरांनी तो उलटा केला. मागं त्यांच्या स्टुडिओचा जांभळा शिक्का आणि हातानं घातलेला आकडा, शेवटी चौऱ्याण्णव साल.

"माझंच काम हे," ते म्हणाले, आणि सुलट करून परत बघत राहिले. गालावर एक डाग नाही. डोळ्यांखाली सावली नाही. नाकाच्या शेंड्यावर तांदळाएवढा उजेड. तीस वर्षांपूर्वीचा आपला हात बघून त्यांना बरं वाटलं. "काय काळजी करू नका. डाग होते असं कळणार बी न्हाय, असा नवा करून देतो."

"तसा नको, भाऊ," आक्का म्हणाल्या. "मी होते तशी काढून मिळंल का?"

सिकंदरांना आधी काही कळलं नाही. त्यांनी फोटोकडं बघितलं, मग समोरच्या बाईकडं. काळा तुकतुकीत रंग, हनुवटीवर कांजिण्यांचा खड्डा. फोटोतल्या मुलीच्या हनुवटीवर काही नव्हतं.

"हा फोटो सात घरी गेला," आक्का सांगू लागल्या. बोलण्यात कडवटपणा नव्हता. गेल्या वर्षी पाऊस कसा झाला ते सांगावं तसं त्या सांगत होत्या. "लोकं फोटो बघून यायची. मी चहा घेऊन भाईर आले की फोटोकडं बघायची, मग माझ्याकडं बघायची. एका म्हातारीनं तर फोटो माझ्या तोंडाला लावून धरला. पोहे खायाची आणि जायाची. पंधरा दिवसांनी फोटो माघारी यायचा. आठवं स्थळ आलं ते फोटो न बघता आलं. एसटीत आईची आणि त्यांच्या आत्याची ओळख झालती. तेच आमचं मालक."

"तेव्हा येऊन मला सांगायचं तरी."

"तुमाला काय सांगायचं? आमच्या आईनंच सांगितलं होतं तुमाला, पोरगी जरा उजळ करा म्हणून. मी स्टुलावर बसून ऐकत होते."

सिकंदरांना ती आई आठवली नाही. तसल्या आया शेकड्यांनी आल्या होत्या. काउंटरजवळ यायच्या, आवाज खाली आणायच्या आणि तेवढं एक वाक्य बोलायच्या. स्टुलावर बसलेल्या पोरीला ते ऐकू जात असेल, हे कधी त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

"मग आता का?" त्यांनी विचारलं.

"लेकीसाठी. मोना तिचं नाव. ती माझ्यासारखीच हाय, काळी. आणि तिच्या आजीच्या, माझ्या आईच्या, भिंतीवर हा फोटो. घरात येणारा जाणारा म्हणतोय, आई कशी गोरी होती, तू कुणावर गेलीस. मी सांगते तिला, अगं, मी बी अशीच होते. तिला खरंच वाटत न्हाय. म्हणते, तू शेतात राबून रापलीस. आणि लग्नाआधीचा माझा दुसरा फोटोच न्हाय."

"ताई, कागदावर आलंय ते आता निघत न्हाय," सिकंदर म्हणाले. "मी पुसलेलं परत कुठनं आणू?"

जिन्यात आवाज झाला. नुजहत मधल्या पायरीवर कधीची उभी होती.

"निगेटिव्ह असंल की, अब्बा," ती म्हणाली.

निगेटिव्ह माळ्यावर होत्या, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत, सालावार. दोन हजार एकोणीसच्या पुरात खालच्या खोलीत कमरेएवढं पाणी होतं तेव्हा तिथं ठेवलेले स्टुडिओचे जुने कॅमेरे गेले, पडदे गेले, पण डबे वर होते म्हणून राहिले. नुजहत स्टुलावर चढली. चौऱ्याण्णवचे तीन डबे निघाले, आणि तिसऱ्यात, पातळ कागदाच्या पाकिटात, तो आकडा.

सिकंदरांनी निगेटिव्ह खिडकीशी धरली. नुजहतनं भिंग लावून बघितली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. जिथं काळं करावं तिथं फोटो पांढरा येतो. मुलीच्या गालांवर, कपाळावर, हनुवटीवर शिसपेन्सिलीच्या केसापेक्षा बारीक रेघा होत्या. हजारो.

"हे सगळं हातानं केलंय?"

"हातानं. पेन्सिलीला सुईसारखं टोक काढायचं, काचेखाली आरसा ठेवायचा आणि बसायचं. एका चेहऱ्याला दोन तास जायचे."

ती बराच वेळ भिंगातून बघत राहिली. "एक रेघ दुसरीवर गेलेली न्हाई, अब्बा," ती म्हणाली. लॅपटॉपवर तीही असलं बारीक काम रोज करायची, म्हणून ती बोलली ते तोंडदेखलं नव्हतं, हे त्यांना कळलं.

"पेन्सिल जाते," सिकंदर म्हणाले. "टर्पेंटाइननं जाते."

त्यांनी कापूस घेतला, बाटली शोधली, काचेवर निगेटिव्ह ठेवली. डावा गाल पुसला. कापूस करडा झाला. दुसरा बोळा घेतला आणि उजव्या गालाशी येऊन त्यांचा हात थांबला. दोन तासांचं काम होतं, आणि ते चांगलं काम होतं, हे या घरात त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. बहुतेक आता नुजहतला झालं असेल. मग त्यांनी उजवा गाल पुसला, कपाळ पुसलं, शेवटी हनुवटी. चार मिनिटंही लागली नाहीत.

नुजहतनं निगेटिव्ह वर नेली, प्रकाशाच्या पाटीवर ठेवून कॅमेऱ्यानं तिचा फोटो घेतला, तो सुलट करून पेनड्राइव्हवर आणला. प्रिंटरला जोडायला घरात एकच वायर होती. सिकंदरांनी यूएसबीचं पाकीट फोडलं.

पडद्यावर एक काळीसावळी पोर आली. हनुवटीवर खड्डा, डोळ्यांत थोडी भीती, ओठ आवळलेले. आईचं वाक्य ऐकून झाल्यावरचा चेहरा होता तो. सिकंदरांचा उजवा हात माउसवर होता आणि बाण आपोआप उजेड वाढवायच्या पट्टीवर जाऊन बसला होता. थोडासाच. दोन घरं. नुजहत खुर्चीमागं उभी होती.

त्यांनी माउसवरचा हात काढला.

"आक्का, हिकडं या," ते म्हणाले. "बघा आणि तुम्ही सांगा. कसा काढू?"

फोटो काढून घेणाऱ्याला हे त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं. आक्का पदरानं हात पुसत आल्या, वाकून बघितलं.

"असू दे असाच."

प्रिंटर कुठं अडला नाही. भांग आला, कपाळ आलं, भुवया, डोळे, नाक, मग सावकाश हनुवटी. सिकंदरांनी दोन्ही तळव्यांवर झेलावा तसा कागद घेतला आणि टेबलावर ठेवला. आक्कांनी त्याला हात लावला नाही, लांबूनच बघितलं.

"मोनाच हाय की ही," त्या म्हणाल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "त्या दिवशी पायात आईचं पायताण होतं. घसरत होतं. तेवढंच आठवतंय मला."

फातिमानं चहा आणला. तो निम्मा झाल्यावर आक्का म्हणाल्या, "भाऊ, तो जुना बी एक नवा करून द्या. डाग काढून."

सिकंदरांनी मान वर केली.

"आईसाठी. ऐंशीची झाली ती. रोज सकाळी त्याकडं बघून चूळ भरते. तिला तोच आवडतोय. तिचा कशाला काढून घ्यायचा?"

नुजहत आता काहीतरी बोलेल, असं सिकंदरांना वाटलं. तिनं जुना फोटो उचलला, स्कॅनरची काच फडक्यानं पुसली आणि तो पालथा घातला. डाग काढायला दोघांना तासभर लागला. बुरशी तिनं काढली. पदराच्या काठावरची बुट्ट्यांची नक्षी त्यांनी भरली, कारण तसला काठ कसा असायचा ते त्यांना ठाऊक होतं. आक्का दोन पाकिटं पिशवीत घालून साडेचारच्या गाडीला गेल्या.

शुक्रवारी नमाजानंतर सिकंदर राजारामपुरीत गेले. राउटरपासून जिन्यानं पुढच्या खोलीपर्यंत सुतळीनं मोजून तिला गाठ मारली होती. ती सुतळी त्यांनी काउंटरवर ठेवली.

"एवढी लॅनची वायर दे. आणि तो छोटा डबा."

"यूएसबी बिघडली काय, काका?"

"न्हाय. चांगली चालली."

ऋतुराजनं वायर कापली, दोन्ही टोकांना पिना बसवून दिल्या.

रविवारी त्यांनी वायर जिन्याच्या कडेनं घेतली. दर वीतभर अंतरावर एक खिळा. फातिमानं भांड्यांच्या मांडणीमागून न्यायला मनाई केली, म्हणून एक वळसा जास्त पडला आणि सुतळीचं माप दोन हात कमी भरलं. मग डबा टेबलाच्या दुसऱ्या बाजूला सरकवावा लागला. नुजहत खाली येऊन हातोडी धरून बसली.

"अब्बा, तुम्हाला यूएसबी पाहिजे होती ना?"

"तुझे फोटो तू पाठव," सिकंदर खिळा दातांत धरून म्हणाले. तो काढून हातात घेतला. "माझे मी पाठवीन. पण मोठा कागद घालायच्या आधी एक बारकी प्रिंट काढायची आणि मला दाखवायची. रंग बघायला. चेहऱ्याला मी हात लावणार न्हाय."

"चेहरा आणि रंग वेगळं कसं करायचं?"

त्यांनी खिळा भिंतीला लावला. "ते मलाबी अजून माहीत न्हाय. बघू."

संध्याकाळी पाचच्या सुमाराला नुजहत वर गेली. सिकंदर पुढच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. प्रिंटर आपला आपण जागा झाला, कागद ओढून घेतला, डोकं इकडून तिकडं फिरू लागलं. काय येणार आहे हे त्यांना माहीत नव्हतं. चौतीस वर्षांत कधी असं झालं नव्हतं, की फोटो बाहेर येतोय आणि तो कुणाचा ते आपल्याला ठाऊक नाही. पेपर बाजूला ठेवून ते बघत राहिले. एका बारशातलं बाळ आलं, टोपडं कानावरून सरकलेलं, कुणाच्या तरी मांडीवर झोपलेलं.

त्यांनी तळहाताएवढा तो कागद खिडकीशी नेला. चेहऱ्याचं काही नव्हतं. पण टोपड्याच्या सावलीत हिरवट झाक होती. पांढऱ्या कापडाची सावली अशी नसते. त्यांचा कॉम्प्युटर समोरच होता. तिच्याकडून फोटो मागून घेऊन दोन मिनिटांत त्यांनी ते नीट केलं असतं.

गुडघे दुखत होते. कठड्याला धरून ते जिना चढले.

"सावलीत हिरवं येतंय," ते दारातून म्हणाले.

नुजहतनं कागद घेतला, दिव्याखाली धरला, मग लॅपटॉपवर एक खिडकी उघडली. "कागद दुसरा निवडलाय मी. ग्लॉसी पडलाय, आपला मॅट हाय." तिनं ते बदललं आणि शेजारच्या स्टुलावरचे कपडे उचलून पलंगावर टाकले. "बसा. खालनं प्रिंटा आणायला अम्मीला सांगू. तुम्ही हितनंच बघा, अजून सहा हायत."

सिकंदर स्टुलावर बसले आणि चष्मा पुसू लागले.